बूट फाटला कुणी? बॉल जॉइंट सोडवण्याच्या हत्यारांचं अंबडच्या गॅरेजमधलं एक प्रकरण

श्रावणातला दुसरा सोमवार होऊन गेला आणि मंगळवारी सकाळी एक सात आसनी गाडी नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी, पुढे डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन आर्मवर धरलेलं. मालक स्वतःच चालवतात, वयानं माझ्यापेक्षा मोठे, मी त्यांना अण्णा म्हणतो. यात्रेकरूंच्या फेऱ्या करतात: त्र्यंबक, शिर्डी, वणी, पुन्हा त्र्यंबक. श्रावणात तर गाडीला उसंत नसते. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. तो आमच्या हाताचा होता, म्हणूनच हे सगळं तपशिलात लिहायला बसलो आहे.

"भाऊ, डाव्या पुढच्या चाकात कटकट वाजतंय. पळताना नाही, खड्ड्यातून हळू निघाली की जास्त," अण्णा म्हणाले.

त्र्यंबक रस्त्याचा पावसाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे नवीन नाही. पाणी, चिखल, खड्डा, पुन्हा पाणी. पहिल्यांदा मलाही वाटलं, स्टॅबिलायझरची लिंक गेली असणार. पण ती घट्ट होती. चाक उचललं, घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलवलं, तर टाय रॉड एंडमध्ये, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्यात, हलकासा प्ले (सैलपणा) लागला. १२ आणि ६ च्या जागी धरलं तर काहीच नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या कारागिरानं जॅक चॅसिसखाली लावला होता. ज्या गाडीत स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर असतो, तिथे असा जॅक लावला तर चाक लटकतं आणि ताणामुळे खालचा बॉल जॉइंट स्वतःला घट्ट धरून ठेवू शकतो. प्ले असतो, पण दिसत नाही. मी जॅक काढायला लावला आणि खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ जमेल तितका लावून चाक जमिनीपासून बोटभर उचललं. टायरखाली पहार घालून वर दाबली. टक्. सोडली. टक्. बेअरिंगचा संशय नको म्हणून पोराला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. बेअरिंग सैल असेल तर ब्रेक दाबल्यावर तो प्ले नाहीसा होतो. इथे तसाच राहिला. खालचा बॉल जॉइंट गेला होता.

चाक काढून टॉर्च मारला. टाय रॉड एंडच्या बुटाला, म्हणजे ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी टोपीला, दोन काप होते. समोरासमोर, जवळजवळ समांतर, कडा सरळ. झिजून फाटलेलं रबर असं दिसत नाही. ते वयानं फाटतं तेव्हा घडीवर बारीक भेगा पडतात, जाळीसारख्या. हा काप धारेनं झालेला होता. खालच्या बॉल जॉइंटचा बूट तर एका बाजूनं निघूनच आला होता. बोट आत घातलं, तर ग्रीस नव्हतं, गंजाच्या रंगाचा चिखल होता. चिमटीत चोळला तर वाळू लागली.

मी नोंदवही काढली. मार्चमध्ये, रंगपंचमीच्या आधीच्या आठवड्यात, हीच गाडी आमच्याकडे आली होती. डावं हब बेअरिंग गूं गूं करत होतं. त्यासाठी नकल, म्हणजे हब बेअरिंग धरणारा आणि स्टीअरिंगबरोबर वळणारा भाग, उतरवावा लागला. नकल उतरवायचा म्हणजे तीन सांधे सोडवावे लागतात: टाय रॉड एंड, वरचा बॉल जॉइंट, खालचा बॉल जॉइंट. तिन्ही तेव्हा चांगले होते. तिन्ही परत बसवले होते. वरचा मी स्वतः सोडवला होता, त्याचा बूट आजही धड होता. बाकी दोन कारागिरानं सोडवले होते. कशानं, ते विचारलं.

"फोर्कनं, काका. दुसरं काय होतं आपल्याकडे त्या मापाचं?"

खरं होतं. म्हणून मी त्याला काही बोललो नाही. हत्यार पुरवणं माझं काम होतं.

फोर्क रबराला का फाडतो

ज्यांनी हा सांधा कधी उघडून पाहिला नाही, त्यांच्यासाठी आधी रचना सांगतो. आर्मच्या टोकाला एक वाटी असते. वाटीत गोळा. गोळ्यातून पिन बाहेर येते. पिनचं बाहेरचं अंग निमुळतं, त्याला आपण टेपर म्हणतो, आणि टोकाला आटे. ही पिन नकलच्या तशाच निमुळत्या भोकात बसते आणि वरून नट. वाटी आणि नकल यांच्या मधल्या फटीत रबराचा बूट असतो. त्याचं रुंद तोंड वाटीवर तारेच्या रिंगनं आवळलेलं, अरुंद ओठ नकलला टेकलेला. आजकालच्या बहुतेक गाड्यांत हे सांधे कारखान्यातूनच ग्रीस भरून बंद येतात. जुन्या जीपसारखी ग्रीसची निपल नसते. आत गोळ्याभोवती प्लास्टिकची बैठक असते. म्हणजे बूट फाटला की सांध्याचं आयुष्य मोजायला घ्यायचं. पावसाळ्याआधी फाटला तर फार मोजावं लागत नाही.

आता नट काढला तरी पिन का सुटत नाही? अंबडमध्ये हे समजावणं सोपं जातं, कारण शेजारी लेथ आहेत. लेथच्या मागच्या टोकाला, टेलस्टॉकमध्ये, ड्रिल निमुळत्या शेपटीनं बसतं, त्याला कुठला बोल्ट नसतो, तरी काम करताना निसटत नाही. तेच तत्त्व. बॉल जॉइंटचा टेपर साधारण १:१० किंवा १:८ च्या आसपास असतो. १:१० म्हणजे १० मिमी लांबीत व्यास १ मिमीनं कमी होतो, म्हणजे अक्षापासून कोन जेमतेम ३ अंशांचा. पोलादावर पोलादाचं घर्षण ०.१५ धरलं तर त्याचा कोन साडेआठ अंश येतो. टेपरचा कोन घर्षणाच्या कोनापेक्षा इतका लहान आहे, की एकदा नटानं ओढून बसवलेली पिन आपल्या आपण निघायला तयारच नसते. गाडी चालवताना आपल्याला हेच हवं असतं. सोडवताना मात्र तिच्यावर अक्षाच्या दिशेनं जबर दाब द्यावा लागतो.

फोर्क हा दाब कुठून देतो? फोर्क म्हणजे दोन बोटांची पाचर. ती फटीत घालायची आणि मागून हातोडी मारायची. पाचर जसजशी आत जाते तसतशी वाटी आणि नकल एकमेकांपासून लांब ढकलले जातात. पण त्या फटीत आधीपासून कोण बसलंय? बूट. पाचरीची बोटं रबराच्या दोन्ही बाजूंनी घुसतात, आणि जाड होत जाणारी पाचर त्याला वाटीच्या कडेवर चिरडते. समोरासमोरचे दोन समांतर काप तिथून आले होते. शिवाय हातोडीचा प्रत्येक दणका वाटीच्या कडेतून आतल्या प्लास्टिकच्या बैठकीपर्यंत पोचतो, तो वेगळाच.

फोर्क वाईट हत्यार आहे असं मी म्हणत नाही. सांधा बदलायचाच असेल, नवा पुडक्यात तयार असेल, तर फोर्क सगळ्यात झटपट. चूक एवढीच झाली, की परत बसवायच्या सांध्यावर तो वापरला. हत्यार उचलण्याआधी विचारायचा प्रश्न होता: हा सांधा परत बसणार आहे की भंगारात जाणार आहे? मार्चमध्ये हा प्रश्न आमच्या गॅरेजात कुणी विचारला नाही. कारागिरानं नाही आणि मीही नाही.

अण्णांना जे झालं ते सांगितलं. डाव्या बाजूचे दोन्ही सांधे, मजुरी आणि अलाइनमेंट माझ्याकडून. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "भाऊ, उजवं बेअरिंगही आता गुणगुणायला लागलंय. ते करायचं तर याच वेळी करा. पण हे असं परत नको."

म्हणजे उजवा नकल उतरवायचा होता. तीन सांधे, तिन्ही चांगले, तिन्ही परत बसायचे. खरं प्रकरण इथून सुरू झालं.

माप आधी, हत्यार नंतर

पेटीत काय होतं ते बाकावर मांडलं. एक फोर्क. एक दोन बोटांचा साधा पुलर, बेअरिंग काढायचा. एक कात्रीसारखा पुलर, ज्याच्या एका जबड्याला खाच असते आणि मागच्या टोकाला बोल्ट. बोल्ट आवळला की मधल्या खिळीवर दोन्ही जबडे जवळ येतात आणि वरचा जबडा पिनच्या टोकाला दाबतो. मार्चमध्ये वरचा सांधा मी याच्यानंच सोडवला होता. शिवाय दोन हातोड्या, कारण माझे उस्ताद दोन हातोड्यांनी सांधा सोडवायचे. नकलच्या डोळ्याच्या, म्हणजे पिन बसते त्या भोकाभोवतीच्या भागाच्या, एका बाजूला जड हातोडी टेकवायची आणि समोरून दुसरीनं मारायची. क्षणभर ते भोक लंबगोल होतं, टेपरची पकड सुटते, पिन खाली येते. रबराला स्पर्शही होत नाही. ही पद्धत मी आजही मानतो, पण तिला दोन अटी आहेत. नकल लोखंडाचा असावा, ॲल्युमिनियमचा नको. आणि हातोडीच्या वाटेत एबीएसच्या सेन्सरची वायर नको. नकल कशाचा आहे ते डोळ्यांनी ठरवू नका, चिखलाखाली सगळं सारखंच दिसतं. लोहचुंबक लावून पाहा. आमच्या या गाडीत चिकटला, म्हणजे लोखंड. तरीही पहिला मान हातोडीला द्यायचा नाही असं ठरवलं, कारण डाव्या बाजूला मार्चमध्ये घातलेलं नवं बेअरिंग आहे. नकलवर दणके म्हणजे शेवटी बेअरिंगवर दणके.

मग व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, घेतला. हे आम्ही आधी कधी केलं नव्हतं. प्रत्येक सांध्याची तीन मापं लिहिली: बुटाच्या ओठापाशी पिन किती जाड, नकलचा डोळा बाहेरून किती रुंद, आणि बूट बोटानं दाबल्यावर फट किती उरते.

या तीन मापांतून जबड्याची निवड होते. जबड्याची खाच पिनपेक्षा थोडी रुंद हवी, म्हणजे ती पिनला मोकळी मिठी मारेल. पण डोळ्याच्या रुंदीपेक्षा बरीच अरुंद हवी, म्हणजे जबडा डोळ्याच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी भरभक्कम टेकेल. खाच फार अरुंद असली तर जबडा पिनपर्यंत पोचत नाही, रबरावरच बसतो. फार रुंद असली तर डोळ्याच्या कडेवर जेमतेम टेकतो आणि दाब आला की सटकतो. सटकलेला जबडा पहिल्यांदा बूटच कापतो. आणि जबड्याची जाडी त्या दाबलेल्या फटीपेक्षा कमी हवी.

टाय रॉड एंडला आमचा २० मिमीच्या खाचेचा कात्री-पुलर मापात बसला. वरच्या बॉल जॉइंटलाही बसला, मात्र जागा अडचणीची होती. खालच्याला नाही. तिथली पिन जाड, डोळा रुंद, सांधा खोल. मार्चमध्ये कारागिराच्या हातात तो पुलर इथे बसलाच नव्हता, म्हणून त्यानं फोर्क उचलला होता. टाय रॉडला पुलर बसत असूनही हातात आलेला फोर्क तिथेही चालला. गॅरेजात हे असंच होतं: हातातलं हत्यार खाली ठेवायचा कंटाळा.

दुसऱ्या दिवशी नाशिकमधल्याच द्वारका चौकाकडच्या एका हत्यारांच्या दुकानात व्हर्नियर घेऊन गेलो. दुकानदारानं चार प्रकार दाखवले. एक सी आकाराचा, वरून स्क्रू दाबणारा, दिसायला भक्कम. पण त्याची मान आखूड, आमच्या खालच्या सांध्याची उंची त्यात मावत नव्हती. एक पाच तुकड्यांचा संच, चकचकीत डब्यात, त्यात तीन फोर्क आणि दोन पुलर. पुलर आमच्याकडे होते तेवढेच. संच स्वस्त पडतो हे खरं, पण लागतं ते माप त्यात नसेल तर तो स्वस्त कसा? शेवटी मोठ्या खाचेचा, सुमारे ३० मिमीचा, दोन उंचींवर खिळ बदलता येणारा कात्री-पुलर घेतला. घडीव पोलादाचा. हजार ते दोन हजारांच्या मध्ये पडला. ओतीव जबड्याचा त्याहून स्वस्त होता, तो नको म्हटलं. ताणाखाली ओतीव जबडा वाकत नाही, तडकतो, आणि तडकतो तेव्हा समोर चेहरा असतो.

गॅरेजला येऊन नवा जबडा हातात फिरवला, तर खाचेच्या आतल्या कडा धारदार होत्या. बोटाच्या चामडीला लागत होत्या. ज्या हत्यारानं रबर वाचवायचं, त्याच्याच कडेनं रबर कापलं जाणार होतं. बारीक कानस घेऊन त्या गोल केल्या, मग एमरी पेपर मारला, शेवटी गाल लावून पाहिला. हे अर्ध्या तासाचं काम. आता माझ्याकडे जे नवं हत्यार येतं त्यावर हे पहिल्या दिवशी होतं.

दुसरी तयारी शेजारच्या टर्नरकडे. पुलरचा वरचा जबडा पिनच्या टोकावर दाबतो. पोलादाचं टोक पिनच्या टोकावर घट्ट दाबलं की आटे फुलतात, मग नट परत चढत नाही, आणि सांधा चांगला असूनही फेकावा लागतो. टर्नरनं पितळेची एक छोटी टोपी करून दिली, आतून पोकळ, पिनच्या टोकावर बसेल अशी. शिवाय जुना युक्तीचा भाग: नट पूर्ण काढायचा नाही. कॅसल नट (एका तोंडाला स्प्लिट पिनसाठी खाचा असलेला) असेल तर उलटा करायचा, सपाट तोंड बाहेर, आणि पिनच्या टोकाशी बरोबर सपाट येईल इतकाच चढवायचा. म्हणजे दाब पिन आणि नट दोघांवर वाटला जातो. नट आणि डोळा यांच्यात २-३ मिमी जागा ठेवायची, टेपर सुटल्यावर पिन तेवढीच सरकते आणि नटावर अडते. तो नट नसेल तर काय होईल ते डबल विशबोनमध्ये विचारूच नका. खालच्या आर्मवर दाबलेली स्प्रिंग आहे.

उजवी बाजू

गाडी दोन स्टँडवर, पक्क्या फरशीवर. मग खालच्या आर्मखाली वेगळा जॅक, आर्म थोडा उचलून, म्हणजे स्प्रिंगचा भार त्या जॅकवर. सांधा सुटेपर्यंत तो जॅक हलवायचा नाही. पोराला सांगितलं, या जॅकला तुझा पाय लागला तरी मला सांग.

टाय रॉडची जागा खुणेनं धरली: एंडला जागी घट्ट धरणाऱ्या चेक नटपाशी रंगाची रेघ मारली. इथे आम्ही एंड बदलत नव्हतो, फक्त सोडवत होतो, म्हणून आटे फिरायचं कारण नव्हतं. तरी रेघ मारली.

पहिला टाय रॉड एंड. बुटाला ग्रीसचं बोट फिरवलं, जबडा तिरका न घालता सरळ सरकवला, रबराची घडी जबड्याखाली अडकली नाही ना ते टॉर्चनं पाहिलं. बोल्टच्या आट्यांना ग्रीस. रिंग पान्यानं हातानं आवळलं, बोल्ट आवळायची यांत्रिक गन लावली नाही. गननं आवळलं तर दाब किती झाला ते हाताला कळत नाही, आणि या कामात हाताला कळणं हेच मोजमाप आहे. चौथ्या-पाचव्या आवळणीला टण्ण आवाज झाला आणि पिन नटावर येऊन बसली. आवाज मोठा होतो. नवीन पोरगा पहिल्यांदा दचकतो. डोळ्यांवर चष्मा हवा, चेहरा पुलरच्या रेषेत नको, आणि पुलर एका तारेनं आर्मला बांधलेला हवा, कारण सुटताना तो उडतो.

वरच्या सांध्याला पुलर घालायला जागा कमी होती. आधी ब्रेकचा कॅलिपर काढून तारेनं स्प्रिंगला टांगला, होजवर लटकवला नाही, आणि एबीएसची वायर क्लिपमधून सोडवून बाजूला बांधली. मग जबडा उलट्या बाजूनं आत गेला. सुटला.

खालच्यानं मात्र दम काढला. नवा पुलर बरोबर बसला, जबडा डोळ्यावर दोन्ही बाजूंनी टेकला, बूट दाबला गेला पण चिमटला नाही. आवळत गेलो. पान्याला जोर लागायला लागला, सांधा जागचा हलला नाही.

इथे घाईत माणूस पाईप लावतो पान्याला. मी थांबलो आणि ढोबळ हिशेब केला. या पुलरचा बोल्ट १८ मिमीचा. हातानं साधारण ५० न्यूटन-मीटर लावले, आणि आट्यांमधलं घर्षण धरलं, तरी बोल्टमध्ये सुमारे १४,००० न्यूटनचा ताण येतो, म्हणजे जवळजवळ १,४०० किलोचा भार. मधल्या खिळीच्या दोन्ही बाजूंची भुजा सारखीच असल्यानं पिनवरही तेवढाच. हे थोडं नाही. पाईप लावून ते दुप्पट केलं असतं तर टेपर सुटण्याआधी जबडा किंवा पिनचे आटे गेले असते. ताण पुरेसा होता, पकड तुटायला फक्त निमित्त हवं होतं.

टेपरच्या कडेला गंज सोडवणारं तेल मारलं आणि पुलर ताणातच ठेवून वीस मिनिटं सोडलं. गाडीखाली कुणी नाही. तेल आत फार जात नाही हे मला माहीत आहे, टेपर एवढा घट्ट असतो. पण कडेचा गंज भिजतो. मग उस्तादांची आठवण काढून किलोची हातोडी घेतली. डोळ्याच्या मागच्या बाजूला जड हातोडी टेकवून धरायला कारागिराला सांगितलं, समोरून मी दोन टोले दिले. जोराचे नव्हते, नेमके होते. दुसऱ्या टोल्याला सुटला. ज्या पद्धतीला एकटीला खूप मारावं लागलं असतं, तिला ताणाची साथ मिळाल्यावर दोन टोले पुरले, आणि बेअरिंग तर तसंही निघणारच होतं.

गॅस लावून गरम करायचा विचार कारागिरानं बोलून दाखवला होता, तो मी तिथेच खोडला. परत बसायच्या सांध्याला ज्योत म्हणजे रबर, ग्रीस आणि प्लास्टिकची बैठक तिन्ही गेलं, आणि पोलादाचं पाणी उतरलं तर ते बाहेरून दिसतही नाही.

तिन्ही बूट पुसले, बोटानं दाबून, घडी उघडून, टॉर्चखाली पाहिले. दोन जसेच्या तसे. खालच्याच्या रबरावर जबड्याची पुसट खूण होती, चीर नाही. साबणाचं पाणी लावून घडी दाबली, एकही बुडबुडा आला नाही.

डावी बाजू त्यामानानं सरळ गेली. तिथले दोन सांधे भंगारात जाणारे, तिथे फोर्क चालला असता. कारागिरानं विचारलंही. पण नकल परत बसणार होता, आत मार्चचंच बेअरिंग होतं, आणि वरचा चांगला सांधा वीतभर अंतरावर. पुलरच लावला.

बसवताना

सोडवण्याइतकंच बसवण्यात बिघडतं, म्हणून थोडं. टेपर आणि डोळा दोन्ही कापडानं कोरडे पुसले. टेपरला ग्रीस लावायचं नाही. लावलं तर नट आवळताना पिन जास्त आत ओढली जाते आणि पुढच्या वेळी सोडवणं दुप्पट कठीण. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले) नवे. टाय रॉडचा नट आवळताना पिन गरगर फिरायला लागली, हे नव्या एंडला नेहमी होतं. खालून छोटा जॅक लावून टेपर डोळ्यात दाबून धरला, मग नट बसला. खालच्या सांध्याला कॅसल नट. टॉर्क पान्यानं कंपनीनं दिलेल्या आकड्यापर्यंत आवळला, भोक खाचेसमोर आलं नाही, तेव्हा पुढच्या खाचेपर्यंत आवळला. मागे फिरवला नाही. स्प्लिट पिन नवी. जुनी सरळ करून परत घालणारे पाहिलेत, दोन-चार रुपयांसाठी.

मग अलाइनमेंट. डावीकडचा एंड बदलल्यानं टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलणारच होता, आटे मोजून बसवला तरी.

एक गोष्ट सांगायची राहिली, कारण हे वाचून कुणी हॅचबॅकवर प्रयोग करायला जाईल. बऱ्याच छोट्या गाड्यांत खालच्या बॉल जॉइंटची पिन निमुळती नसतेच. ती सरळ असते, तिला एक खाच असते, आणि नकलचा मधे फट असलेला कान एका आडव्या बोल्टनं तिला आवळतो. तिथे कुठलाही पुलर काम करत नाही, कारण सोडवायला टेपरच नाही. आडवा बोल्ट पूर्ण बाहेर काढायचा, कानाची फट किंचित उघडायची, आणि आर्म पहारीनं खाली ओढायचा. सातपूरच्या आयटीआयमधून नुकताच निघालेला एक पोरगा आमच्याकडे अशा सांध्यावर अर्धा तास पुलर आवळत बसला होता. बोल्ट आत तसाच होता.

अण्णांची गाडी त्यानंतर नवरात्रात वणीच्या फेऱ्या करून आली, मग दिवाळीनंतर पुन्हा एकदा तेल बदलायला. दोन्ही वेळा चाकं काढून सहाही बूट पाहिले. कोरडे आहेत. उजव्या खालच्या बुटावरची ती पुसट खूण अजून दिसते, तिची जागा नोंदवहीत चित्र काढून लिहून ठेवली आहे. पुढच्या पावसाळ्याआधी, मे महिन्यात, ती घडी पुन्हा उघडून पाहायची आहे.